व्याह्यांचे साडेतीन

भंगाळेकाकांनी मला अडीच दिले, आणि मी पुढचे चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांना मार्क देत आले. मराठीच्या पेपरात कोणाला पाच द्यायचे आणि कोणाला अडीच, हे शाळेत मी ठरवायचे. आणि इथे बुऱ्हाणपूरच्या लालबागेत, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला एक किडकिडीत, साठी उलटलेला माणूस माझा अर्ध्या तासाचा खेळ बघतो, कानावरची पेन्सिल काढतो आणि म्हणतो, "मॅडम, अडीच."

"पाचपैकी?" मी विचारलं.

"पाच तर इंदूरमध्येही कोणाचे निघतील की नाही, शंका आहे. अडीच चांगले आहेत मॅडम. बॉल नेटच्या पलीकडे जातो तुमचा. कुठे जातो ते तुम्हाला माहीत नसतं, एवढंच."

पाचव्या दिवशी मी स्वतःचा खेळ जरा लक्ष देऊन पाहिला. बॉल कुठे जातो ते मला खरंच माहीत नसायचं. मग राग धरण्यात काही अर्थ उरला नाही.

पिकलबॉल आमच्या बुऱ्हाणपुरात आला तो बाहेर शिकायला गेलेल्या पोरांच्या बॅगेतून. पोरं सुट्टीत आली, खेळली, परत गेली. बॅटी मागे राहिल्या आणि आमच्यासारख्यांच्या हाती लागल्या. भोकं असलेला प्लास्टिकचा बॉल, टेबल टेनिसच्या बॅटीची थोरली बहीण शोभेल अशी बॅट आणि बॅडमिंटनएवढं कोर्ट. फार पळावं लागत नाही, म्हणून गुडघे कुरकुरणारी सगळी मंडळी खूश. जिनिंगच्या आवारात कापूस पसरायची मोठी सिमेंटची फरशी होती, तिच्यावर पिवळ्या रंगाने दोन कोर्टं आखली. नेटजवळच्या पट्ट्याला या खेळात किचन म्हणतात. तिथे उभं राहून बॉल हवेतच मारायला मनाई असते. पुरुष मंडळी हटकून तिथे पाय घालायची, आणि आम्ही बायका ओरडायचो, "किचनमधून बाहेर व्हा, तिथलं काम तुम्हाला जमत नाही!"

महिन्याभरात भंगाळेकाकांनी आकडे आणले. जगभर या खेळात प्रत्येक खेळाडूला आकडा असतो, मग आपल्याला का नको, असं त्यांचं म्हणणं. दोन म्हणजे नवखा. तीन म्हणजे ज्याला आपण काय करतो आहोत ते कळतं. साडेतीन म्हणजे ज्याच्यासमोर उभं राहताना दुसऱ्याने जरा सावध व्हावं. चारचा आमच्यात एकच होता, आणि तो पुण्याहून दिवाळीपुरता यायचा. हे आकडे काढणारी ॲप मोबाईलवर मिळतात, पण काकांना ती पटत नसत. "ॲपला स्कोर कळतो. माणूस कसा हरला ते कळत नाही," म्हणायचे. ते स्वतः प्रत्येक मॅच बघायचे, एका लांबट वहीत टिपायचे, आणि दर रविवारी सकाळी भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर सगळ्यांचे नवे आकडे लागायचे. माझं अक्षर बरं म्हणून फळा लिहायचं काम माझ्याकडे आलं. ते वहीतून वाचायचे, मी लिहायचे.

काकांचा जन्मच कागद कारखान्याच्या कॉलनीतला. वडील जळगावकडून नोकरीसाठी आलेले. काकाही त्याच कारखान्यात लागले आणि तीस-पस्तीस वर्षं टेस्टिंग लॅबमध्ये काढून निवृत्त झाले. कागद उजेडात धरायचा, वजन करायचं, फाडून बघायचं आणि पास की नापास ते लिहायचं, हे त्यांचं काम. ती सवय अंगात इतकी मुरलेली की लग्नपत्रिका हातात आली की नाव वाचायच्या आधी दोन बोटांत चोळून म्हणायचे, "मुलीकडचे खर्चिक दिसतात." घरी शेवभाजी झाली की पहिल्या घासाला निकाल: "सव्वातीन. मीठ जरा पुढे गेलं." त्यांच्या पत्नी, सुशीलाकाकू, एकदा आमच्यासमोरच म्हणाल्या, "मला किती दिलेत ते सांगा ना एकदा सगळ्यांना." काका शांतपणे म्हणाले, "तुझी टेस्ट अजून चालू आहे." यावर काकूंनी दोन दिवस फक्त खिचडी केली. त्या खिचडीला किती मिळाले ते आम्हाला कळलं नाही.

पण आकड्याच्या बाबतीत माणूस धुतल्या तांदळासारखा. आमचे सलीमभाई, मोबाईलचे दुकानदार, एका संध्याकाळी मॅच जिंकले आणि रविवारी बघतात तर आकडा खाली. भर कोर्टावर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काका, जीत के भी नंबर घट गया? ये कौन सा इन्साफ है?"

"सलीमभाई, तुम्ही दोघं साडेतीनच्या वर. समोरचे दोघं तीनचे. तुम्ही अकरा-सहाने जिंकायला पाहिजे होतं. जिंकले अकरा-नऊने. म्हणजे तुम्ही जेवढ्याचे आहात, तेवढं खेळला नाहीत."

"और हार जाता तो?"

"तो और घटता."

सलीमभाई तीन दिवस फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी आले, अकरा-चारने जिंकले आणि काकांसमोर जाऊन उभे राहिले. काकांनी वहीत आकडा वर नेला. स्वतःलाही त्यांनी कधी सूट दिली नाही. गुडघा दुखायला लागला तसा त्यांनी आपला चार-सव्वाचार महिन्यांचा हिशेब काढला आणि मला म्हणाले, "भंगाळे, तीन पॉइंट एक. लिहा मॅडम." मी म्हटलं, "काका, गुडघा बरा झाला की वाढेलच, राहू द्या की." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी निमूट खडू उचलला.

या आकड्यांनी आमच्यात कमी भांडणं लावली नाहीत, हेही सांगायला हवं. पूर्वी जो येईल त्याच्याबरोबर खेळायचो. आता आधी फळ्याकडे बघून जोडीदार ठरायचा. कमी आकड्याच्या माणसाला घेतलं आणि हरलो तर आपलाही आकडा पडेल, या भीतीने चांगली शहाणीसुरती माणसं पाणी प्यायच्या निमित्ताने गायब व्हायची. एका घरात सून तीनवर गेली आणि सासू दोन पॉइंट आठवर राहिली, तर त्या दोघी आठवडाभर वेगवेगळ्या रिक्षाने आल्या. मी काकांना म्हणायचे, हे तुम्ही काय विकतचं दुखणं आणलंत. ते म्हणायचे, "मॅडम, आकडा भांडत नाही. माणसं भांडतात."

आणि मग कोर्टावर नाना आले.

नाना म्हणजे तोताराम पाटील, काकांचे व्याही. काकांची एकुलती एक मुलगी मनीषा नानांच्या घरी दिलेली. केळी आणि कापसाची शेती डोईफोडिया गावाला, पण बिऱ्हाड लालबागेत, मुलाच्या ठिबकच्या दुकानामुळे. नाना उंच, रुंद, मोठ्या आवाजाचे, आणि मनाने साखर. एवढं आयुष्य शेतात गेलं, पण बॅट हातात घेतल्यावर पंधरा दिवसांत त्यांनी आम्हाला पाणी पाजलं. फळ्यावर साडेतीन लागले, तेही अगदी हक्काचे. नानांनी त्या फळ्याचा फोटो काढून भाऊबंदांना पाठवला.

"काय हो व्याही," ते गडगडाटी हसत म्हणाले, "शाळेत मले कोणी पास केलं नाही. तुम्ही केलं!"

आमच्याकडे मुलीच्या बापाने व्याह्यांपुढे कसं असावं याची एक रीत आहे, आणि काका ती रीत कोर्टावरही घेऊन आले. नाना आले की काका खुर्ची सोडायचे. नानांनी चहा उचलल्याशिवाय स्वतःचा कप उचलायचे नाहीत. पहिल्याच दिवशी दोघं समोरासमोर आले, तेव्हा नेटजवळ अगदी ताटात वाढलेला बॉल काकांनी हळूच बाहेर घालवला. मी विचारलं तर कानात म्हणाले, "व्याह्यांच्या अंगावर बॉल कसा मारायचा मॅडम? मुलगी आहे माझी तिथे." तेव्हापासून ते नानांच्या विरुद्ध खेळलेच नाहीत, कायम जोडीदार झाले. आम्ही खूप चेष्टा केली. मीही केली. आज ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

श्रावणात कधीतरी माझ्या लक्षात आलं की ही जोडी जागा बदलत नाही. डबल्समध्ये आपल्या सर्व्हिसवर पॉइंट मिळाला की दोघं जोडीदार डाव्या-उजव्या जागांची अदलाबदल करतात. काका सर्व्हिस होताच लंगडत, धापा टाकत डाव्या बाजूला पळायचे, नानांना उजवीकडे ठेवायचे. नियमात बसतं ते, पण दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने हा व्याप का करावा ते कळेना. मला वाटलं, हीही मानाचीच एखादी तऱ्हा असेल.

कार्तिकातल्या एका रविवारी काकांचा घसा पार बसला होता. त्यांनी वही माझ्या हातात दिली आणि खुणेने सांगितलं, तुम्हीच बघून लिहा. मी एकेक नाव लिहीत गेले. तोताराम पाटील. फळ्यावर तीन पॉइंट पाच होते. वहीत पेन्सिलने बारीक अक्षरात होतं: दोन पॉइंट सहा.

मी पान मागे उलटलं. त्याच्या मागचं उलटलं. दोन पॉइंट नऊ, तीन पॉइंट एक, तीन पॉइंट तीन. आणि नानांच्या प्रत्येक मॅचपुढे छोटे छोटे बाण, कोणत्या बाजूने पॉइंट गेला ते दाखवणारे. सगळे बाण डावीकडे. उजवीकडे एखादाच.

"काका, हे काय आहे?"

काकांनी वही माझ्या हातातून घेतली नाही. फक्त इकडेतिकडे पाहिलं आणि बसलेल्या घशाने म्हणाले, "साडेतीन लिहा."

"पण इथे तर..."

"मॅडम, मुलीचा बाप आहे मी. तुम्ही आता पावणेतीनच्या. चारचौघांत त्यांचं नाव तुमच्या खाली लावू? घरी गेल्यावर मनूला काय वाटेल? त्यांच्या भाऊबंदांनी फोटो पाहिलाय त्या फळ्याचा."

"आणि हे बाण?"

काकांनी एका बाणावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "लॅबमध्ये रोल एकाच कडेला फाटत असला ना, तर आम्ही कागदाला दोष देत नसू. मशीनमध्ये त्या बाजूला काहीतरी बिघडलंय असं समजायचो आणि मशीन थांबवायला सांगायचो."

"मग सांगा ना नानांना!"

"कसं सांगू? तुमच्यात काही खोट आहे, असं व्याह्यांना मुलीच्या बापाने सांगायचं?" ते म्हणाले. "सांगीन. संक्रांत होऊ दे. गोडाधोडाचे दिवस असतात, तेव्हा विषय काढता येईल."

मी खडू घेतला आणि साडेतीन लिहिले. माझ्याच अक्षरात. मला वाटलं, वय आहे, होतं असं. मला वाटलं, यांच्या घरचा मामला आहे. मला बरंच काही वाटलं, आणि मी मूग गिळून गप्प बसले.

संक्रांत आली, तिळगूळ झाला, विषय निघाला नाही. फेब्रुवारी संपता संपता आमच्या मंडळींनी स्पर्धा ठरवली. खंडवा, जळगाव, इंदूरहून जोड्या येणार. आणि या खेळाची रीत अशी की गट वयावर पडत नाहीत, आकड्यावर पडतात. साडेतीनचा माणूस साडेतीनच्या गटात खेळणार, समोर वीस वर्षांचा पोरगा असो नाहीतर साठीचा गृहस्थ. काकांनी साठीवरच्यांसाठी वेगळा गट काढायची खटपट केली. नानांनी ती हाणून पाडली. "म्हाताऱ्यांत टाकता का मले? फळ्यावर काय लिहिलंय? साडेतीन ना? मग साडेतीनमध्येच खेळीन."

आता या गटात काका त्यांचे जोडीदार होऊ शकत नव्हते. स्वतःचा आकडा त्यांनी प्रामाणिकपणे तीन पॉइंट एक लावलेला. नानांची जोडी सलीमभाईंशी लागली, आणि सलीमभाई कायम उजवीकडून खेळणारे.

स्पर्धेच्या आदल्या दुपारी काका नानांच्या घरी गेले. हे मला त्यांनीच नंतर सांगितलं. मनाशी सगळं घोकून गेले होते. नानांनी स्वागताला दारातच नवा टी-शर्ट अंगाला लावून दाखवला, पाठीवर मोठ्या आकड्यात साडेतीन छापून घेतलेले. मनीषाने चहा केला, केळ्याचे वेफर्स समोर ठेवले. नातू आजोबांचा टी-शर्ट घालून घरभर नाचत होता. मनीषा हसत म्हणाली, "बाबा, तुमच्यामुळे नानांचं वय दहा वर्षांनी कमी झालं बघा." काकांनी चहा घेतला. नानांनी कप ठेवल्यावर आपला कप ठेवला. आणि घरी परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका अंपायरच्या खुर्चीत होते. समोर खंडव्याची दोन पोरं, चपळ आणि बिनधास्त. दोन-तीन पॉइंटांतच त्यांना कळलं की या नानांना डावीकडे टाकलं की बॉल परत येत नाही. मग त्यांनी तेच लावलं. नाना डावीकडे उभे, सलीमभाई उजवीकडे. शून्य-चार. शून्य-सहा. सलीमभाई दबक्या आवाजात म्हणत होते, "नानाजी, देखो ना, सामने ही तो है." नानांचा चेहरा लाल झालेला. आणि मग एक लांब, हळू बॉल डाव्या रेघेवर आला. इतका हळू की मीसुद्धा तो परत केला असता. नाना समोर बघत उभे राहिले. त्यांनी मान वळवलीच नाही.

"नाना, डावीकडे!" काका खुर्चीतून उठून ओरडले.

अंपायरने ओरडायचं नसतं. पण ते ओरडले, आणि त्या हाकेने नाना गर्रकन वळले. पायात पाय अडकला, एवढा मोठा देह फरशीवर हातावर कोसळला. काडी मोडल्यासारखा आवाज झाला, तो माझ्या अजून कानात आहे.

मनगटाला प्लास्टर घालताना डॉक्टरांनी सहज विचारलं, कसे पडलात. नाना म्हणाले, "बॉल दिसलाच नाही." डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांसमोर बोटं हलवून पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या आणि जळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, आणि उजव्याचीही डावी कड खायला लागलेली. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने कमी होत जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही.

त्या खोलीत काय झालं ते मला मनीषाने सांगितलं. ती माझी विद्यार्थिनी, मला बाई म्हणते.

"बाई, डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून आहे? आम्ही सगळे एकमेकांकडे बघतोय. मी म्हटलं, महिनाभर असेल. हे म्हणाले, दिवाळीपासून असेल. नाना म्हणाले, मले काहीच नव्हतं. आणि बाबांनी पिशवीतून वही काढली. म्हणाले, नागपंचमीच्या आधीच्या रविवारपासून. तारीख सांगितली. मग एकेक पान उलटून वाचायला लागले, कोणत्या दिवशी डावीकडचे किती बॉल गेले. डॉक्टर लिहून घेत होते. ते म्हणाले, असा पेशंट पहिल्यांदा पाहिला, ज्याची इतकी नोंद आहे. आणि मग म्हणाले, तेव्हाच आणलं असतं तर बरंच वाचलं असतं. गेलेली नजर परत येत नाही."

मग ती बाहेरचं सांगायला लागली.

"मी बाहेर आल्यावर विचारलं, बाबा, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, मनू, तुझ्या सासरचा मान... मी म्हटलं, माझं नाव घेऊ नका. मला विचारलं होतं का तुम्ही? मी रोज नानांना जेवायला वाढते बाई. डावीकडे वाटी ठेवली की त्यांचा हात लागून सांडायची आणि मी चिडायचे. म्हणायचे, नाना, लक्ष कुठे असतं तुमचं! सात महिने मी त्यांच्यावर चिडत होते, आणि माझ्या बापाला माहीत होतं."

ती रडत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मलाही माहीत होतं, हे मी तिला सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे, तेच पहिल्यांदा.

मनीषाने बापाशी बोलणं टाकलं. काकांनी कोर्टावर येणं टाकलं. फळा पुसला गेला. आता आमच्याकडे ॲप आहे, त्यात सलीमभाई स्कोर घालतात आणि आकडे आपोआप बदलतात. कोणी भांडत नाही, कारण भांडायला समोर माणूसच नाही. मी एकदा काकांच्या घरी गेले. ते उन्हात बसून रद्दी नीट घड्या घालून रचत होते. काकू आतून म्हणाल्या, "आता जेवताना काही बोलत नाहीत हो. भाजी कशी झाली ते सुद्धा नाही." मी काकांना म्हटलं, तुम्ही वाईट मनाने थोडंच केलं. ते चिडले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर चिडले. "मन तपासायला कोणी सांगितलं होतं मला? मला बॉल तपासायचे होते. ते मी तपासले आणि खोटं लिहिलं. पस्तीस वर्षांत एक रिपोर्ट खोटा लिहिला नाही मॅडम, आणि लिहिला तो घरच्या माणसाचा."

नाना मात्र त्यांच्यावर एका शब्दाने रागावले नाहीत. म्हणजे निदान आम्हाला तरी तसं दिसलं. उलट त्यांनी घरात जाहीर केलं की दर दोन महिन्यांनी जळगावला तपासणीला जायचं ते व्याह्यांबरोबर. मुलगा म्हणाला, मी गाडीने नेतो. नाना म्हणाले, "तुम्ही मले सगळं गोड करून सांगता. तो माणूस लिहून ठेवतो. मी त्याच्यासंगंच जाईन." त्यामुळे ठरल्या दिवशी काका फाटकाशी येऊन उभे राहायचे. मनीषा फाईल, थेंबांची बाटली आणि जेवणाचा डबा नानांच्या हातात द्यायची आणि बापाकडे न बघता आत जायची. असे पाच-सहा महिने गेले.

गेल्या महिन्यात मी भाचीला आणायला स्टेशनवर गेले होते. दुपारचे अडीच वाजले असतील. जळगावकडून आलेली गाडी नुकतीच गेली होती, आणि भाचीची गाडी नेहमीप्रमाणे लेट. बाकावर काका आणि नाना बसलेले दिसले. दोघं थकले होते, रिक्षा गाठायच्या आधी जरा टेकले असावेत. मी जवळ गेले, नमस्कार केला. नानांनी आवाजावरून ओळखलं, आणि मग मान पूर्ण वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बसा बाई." मी बाकाच्या टोकाला बसले. त्यांचं आधीच काहीतरी चाललं होतं, ते माझ्यामुळे थांबलं नाही.

"हां, मग किती?" नानांनी विचारलं.

काकांच्या मांडीवर फाईल उघडी होती. तपासणीच्या रिपोर्टवर उजव्या डोळ्याची नजर शंभरात किती उरली, याचा एक आकडा असतो.

"चौऱ्याहत्तर."

"आन् मागच्या खेपेले?"

"अठ्ठ्याहत्तर."

प्लॅटफॉर्मवर केळ्यांची टोपली घेऊन एक बाई बसली होती, नाना तिच्याकडे बघत राहिले. मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, "व्याही, घरी अठ्ठ्याहत्तरच सांगू. जेवढा होता तेवढाच हाय म्हणू. फाईल मी माझ्याजवळ ठेवतो."

काकांनी मान वर केली.

"मनीषा झोपत नाही हो," नाना म्हणाले. "मी रस्ता ओलांडला तरी दारात उभी राहून बघते. चार पॉइंट कमी झाले हे ऐकलं तर पोरगी पाणी पिणार नाही. थेंब वाढवून दिले ना डॉक्टरांनी? मग झालं. तिले काय कळायचं हाय?"

"नाही नाना," काका म्हणाले.

"काय नाही?"

"सांगणार मी."

"मी सांगून राहिलो तुमले," नानांचा आवाज जरा चढला. तो व्याह्यांचा आवाज होता, मुलीच्या बापाने ऐकायचा असतो तो. "माझा डोळा हाय. माझ्या घरची गोष्ट हाय. तुम्ही बोलायचं नाही."

मला वाटलं, आता हा माणूस मान खाली घालणार. त्यांनी शर्टाच्या खिशातून मोबाईल काढला.

"व्याही!"

"ऐकलं नाना मी. माफ करा. पण नाही."

त्यांनी मनीषाला फोन लावला. मला माहीत होतं, इतके महिने ती त्यांचा फोन उचलत नव्हती. रिंग पूर्ण वाजून बंद झाली. त्यांनी पुन्हा लावला. नाना तोंड फिरवून बसले होते. दुसऱ्यांदाही रिंग संपली. काकांनी तिसऱ्यांदा लावला आणि मोबाईल कानाला घट्ट धरला.

या वेळी पलीकडून काहीतरी आवाज आला. काकांचा चेहरा कसातरीच झाला. कशी आहेस, जेवलीस का, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"मनू," ते म्हणाले, "चौऱ्याहत्तर. मागच्या वेळी अठ्ठ्याहत्तर होते. चारने कमी झालेत." आणि ती काय म्हणते ते ऐकत, एका हाताने डोळे पुसत, ते तसेच बसून राहिले.